पिल्सेनाइट : एका दुर्मिळ खनिजाची कुळकथा

विद्यार्थी मित्रहो, तुमच्या हातांत रोज असणाऱ्या एका साध्या वस्तूपासून ह्या पाठास आरंभ करूं. ती वस्तु म्हणजे शिसपेन्सिल. हें नांव तुम्ही बालपणापासून उच्चारीत आलां आहां. परंतु नांवांत जें शिसें आहे, तें पेन्सिलींत मुळींच नाहीं. लाकडाच्या पोटांत जी काळी कांडी असते, ती ग्राफाइट नांवाच्या मऊ खनिजाची व चिकणमातीची केलेली असते. आणि ग्राफाइट म्हणजे हिऱ्याचा सख्खा भाऊ, निव्वळ कार्बन.

मग शिशाचें नांव त्यास कां चिकटलें? ग्राफाइट मऊ असतें, करडें असतें, चकाकतें, आणि कागदावर घासलें असतां काळी रेघ उमटवितें. शिसेंही असेंच करितें. युरोपांतील जुन्या लोकांनीं अशा सर्व मऊ व करड्या दगडांना शिशाच्या कुळांत घातलें. ग्रीक भाषेंत शिशास 'मॉलिब्डोस' म्हणतात. त्यावरून कांहीं दगडांना 'मॉलिब्डेना' हें नांव पडलें. ह्या एकाच नांवाखालीं तीन निरनिराळे पदार्थ नांदत होते. शेले नांवाच्या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञानें सन १७७८ मध्यें मॉलिब्डेनाइट निराळें असल्याचें दाखविलें, व पुढच्याच वर्षीं ग्राफाइट हा कार्बन असल्याचें सिद्ध केलें. चूक सुधारली, पण नांव राहिलें. आपण अजूनही शिसपेन्सिलच म्हणतों.

ह्या पेन्सिलीनें मलाही एकदां धडा शिकविला आहे. कांहीं वर्षांपूर्वीं वर्गांत एका मुलानें विचारलें, "सर, पेन्सिल चोखली तर शिशाचें विष बाधतें का?" मीं विचार न करितां "होय, बाधतें" असें सांगून टाकलें. पेन्सिल तोंडांत घालणें ही वाईट संवय आहे खरी, पण मीं दिलेलें कारण खोटें होतें. त्या रात्रीं एक पुस्तक चाळीत असतां माझी चूक माझ्या ध्यानांत आली. दुसऱ्या दिवशीं वर्गापुढें उभें राहून "काल मीं सांगितलें तें चूक होतें" एवढें एक वाक्य म्हणतांना मला किती जड गेलें, तें मीच जाणें. मुलें हंसतील अशी भीति होती. तीं हंसलीं नाहींत. तो प्रश्न विचारणारा मुलगा मात्र त्या दिवसापासून अधिक प्रश्न विचारूं लागला.

आज ज्या दगडाची हकीकत सांगावयाची आहे, त्याची कथा अशाच चुकलेल्या नांवांची आहे. आणि चूक झाली असतां माणसानें कसें वागावें, हेंही तींत आपोआप आलें आहे. त्या दगडाचें आजचें नांव पिल्सेनाइट. तो बिस्मथ आणि टेल्युरियम ह्या दोन मूलद्रव्यांचा बनलेला आहे.

बिस्मथ आणि टेल्युरियम

प्रथम ह्या दोन मूलद्रव्यांची ओळख करून घेऊं.

बिस्मथ ही किंचित् गुलाबी झांक असलेली पांढरी, ठिसूळ व जड धातु आहे. ती २७१ अंश उष्णतेस वितळते. तिचा एक विलक्षण गुण असा कीं, वितळलेली बिस्मथ थिजतांना पाण्याप्रमाणें प्रसरण पावते. बहुतेक धातु थिजतांना आकुंचन पावतात. फार दिवस लोक तिला शिशाचा किंवा कथिलाचाच एक प्रकार समजत. ती स्वतंत्र धातु आहे, हें क्लोद जोफ्रॉय ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें सन १७५३ मध्यें दाखविलें. म्हणजे येथेंही शिशाच्या नांवाखालीं दुसराच कोणी दडला होता.

टेल्युरियम हें रुपेरी रंगाचें, चकाकणारें व फार ठिसूळ असें मूलद्रव्य आहे. दिसावयास तें धातूसारखें, पण रसायनशास्त्रांत त्याचे सोयरे म्हणजे गंधक व सेलेनियम. पृथ्वीच्या कवचांत तें सोन्यापेक्षांही विरळ आहे. आज जें टेल्युरियम बाजारांत येतें, तें बहुतेक तांबें शुद्ध करतांना खालीं बसणाऱ्या गाळांतून काढलेलें असतें. बिस्मथही बहुधा शिशाच्या शुद्धीकरणांतच हातीं येते. टेल्युरियमचा अंश शरीरांत गेला तर त्या माणसाच्या श्वासास लसणीसारखा दर्प येऊं लागतो, व तो पुष्कळ दिवस जात नाहीं. प्रयोगशाळेंत काम करणाऱ्यांना त्याची ही खूण चांगलीच परिचित आहे.

कोड्यांत टाकणारी धातु

अठराव्या शतकांत ट्रान्सिल्व्हेनिया हा डोंगराळ मुलूख ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग घराण्याच्या सत्तेखालीं होता. आज तो रुमानियांत मोडतो. तेथें सोन्याच्या जुन्या खाणी होत्या. झ्लात्ना गांवाजवळच्या एका खाणींत पांढरट, धातूसारखी चमकणारी एक कच्ची धातु सांपडे. तिच्यांत सोनें होतें, पण दुसरें काय होतें तें कोणास कळेना. एका तज्ज्ञानें सांगितलें कीं ती अँटिमनी आहे. खाणींचा मुख्य अधिकारी फ्रान्झ योसेफ मुल्लर ह्यानें सन १७८२ मध्यें तिची परीक्षा केली, आणि 'ही अँटिमनी नव्हे, हें बिस्मथ व गंधक ह्यांचें संयुग आहे' असें मत दिलें.

येथेंच प्रकरण संपलें असतें. मत देणारा मुख्य अधिकारी. त्याला कोण विचारणार? परंतु मुल्लरचें समाधान झालें नव्हतें. त्यानें काम चालूच ठेविलें, आणि पुढच्याच वर्षीं स्वतः जाहीर केलें कीं आपलें आधींचें मत चुकीचें होतें. ह्या दगडांत सोन्याबरोबर एक अज्ञात धातु आहे. तीन वर्षांच्या काळांत त्यानें पन्नासांहून अधिक प्रयोग केले. दगड तापविला असतां पांढरा धूर निघे व त्यास मुळ्यासारखा वास येई. गंधकाम्लांत त्या धातूचा अंश विरघळला म्हणजे आम्ल तांबडें होई, व त्यांत पाणी ओतलें कीं काळा सांका खालीं बसे. असा पदार्थ त्या काळच्या कोणत्याही ग्रंथांत वर्णिलेला नव्हता. तिला 'कोड्यांत टाकणारी धातु' अशा अर्थाचें लॅटिन नांव मिळालें.

मुल्लरनें स्वीडनमधील बेर्गमन ह्या नामांकित रसायनशास्त्रज्ञाकडे त्या धातूचा नमुना पाठविला. नमुना अगदीं थोडा होता. ती अँटिमनी नव्हे एवढें बेर्गमनला सांगतां आलें. अधिक शोध होण्यापूर्वींच सन १७८४ मध्यें तो मरण पावला. मुल्लरचे लेख व्हिएन्नाच्या एका लहानशा नियतकालिकांत छापले गेले होते, ते फारसे कोणीं वाचले नाहींत. अशीं बारा वर्षें गेलीं.

सन १७९६ मध्यें मुल्लरनें बर्लिनच्या क्लाप्रोथकडे नवा नमुना रवाना केला. क्लाप्रोथ हा आरंभीं औषधें बनविणारा होता; स्वकष्टानें तो जर्मनीचा अग्रगण्य रसायनशास्त्रज्ञ झाला. युरेनियमचा शोध सन १७८९ मध्यें त्यानेंच लाविला होता, व त्या सुमारास नव्यानें सांपडलेल्या युरेनस ग्रहावरून त्यास नांव दिलें होतें. मुल्लरचा नमुना तपासून त्यानें तो नवें मूलद्रव्य असल्याची खात्री करून घेतली. २५ जानेवारी १७९८ ह्या दिवशीं बर्लिनच्या विद्वत्सभेपुढें त्यानें निबंध वाचला. पूर्वीं आकाशांतील ग्रहाचें नांव दिलें होतें; आतां पृथ्वीचें द्यावें, ह्या हेतूनें लॅटिन 'टेल्लुस' म्हणजे भूमि ह्या शब्दावरून त्यानें 'टेल्युरियम' हें नांव सुचविलें. आणि शोधाचा मान मात्र मुल्लरचा, असें त्यानें स्पष्ट सांगितलें. नमुना बर्लिनमध्यें तपासला गेला, नांव बर्लिनमध्यें ठेवलें गेलें. दूरच्या डोंगरांतील त्या खाण-अधिकाऱ्याचा उल्लेख गाळला असता तरी त्या सभेंत कोणास कळलें नसतें.

बोर्झोन्यचा दगड

आतां आपल्या मुख्य दगडाकडे वळूं. हंगेरीच्या उत्तरेस, डॅन्यूब नदी जेथें मोठें वळण घेऊन दक्षिणेकडे वाहूं लागते, त्या प्रदेशांत बोर्झोन्य नांवाचे डोंगर आहेत. हे डोंगर ज्वालामुखीच्या क्रियेनें बनलेले आहेत. त्यांच्या पश्चिम पायथ्याशीं नॉद्यबोर्झोन्य, म्हणजे 'मोठें बोर्झोन्य', नांवाचें खेडें आहे. मध्ययुगांत तेथें जर्मन खाणकामगार येऊन राहिले व सोन्यारुप्यासाठीं डोंगर खणूं लागले. तेराव्या शतकांतील एक दगडी देऊळ आणि 'खाणकामगारांचें देऊळ' म्हणून ओळखलें जाणारें दुसरें एक ख्रिस्तमंदिर तेथें आजही उभें आहे. जर्मन लोक ह्या गांवास डॉइच-पिल्सेन म्हणत. बोहेमियांतील पिल्सेन ह्या प्रसिद्ध शहराशीं ह्या गांवाचा कांहीं संबंध नाहीं, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें; नकाशांत पुष्कळ जण भलत्याच ठिकाणीं बोट ठेवतात.

ज्वालामुखीच्या प्रदेशांत अशीं खनिजें कशीं तयार होतात? भूगर्भांत खोलवर तापलेल्या पाण्यांत अनेक धातु अल्प प्रमाणांत विरघळलेल्या असतात. तें पाणी खडकांच्या भेगांतून वर चढतें. वर येतां येतां तें निवतें, त्यावरील दाब कमी होतो, आणि विरघळलेले पदार्थ भेगांच्या कडांवर थरांथरांनीं बसूं लागतात. आपल्या घरीं पाणी तापविण्याच्या भांड्याच्या तळाशीं जशी पांढरी खपली धरते, तसाच कांहींसा हा प्रकार आहे. मात्र निसर्गास त्यासाठीं हजारों वर्षें लागतात. गारगोटी, लोह व गंधक ह्यांचीं संयुगें, शिशाचीं व जस्ताचीं खनिजें हीं पुष्कळ जमतात. बिस्मथ व टेल्युरियम हीं मुळांतच थोडीं. त्यांचे बारीक करडे कण मोठ्या खनिजांच्या फटींत कोठेंतरी सांपडतात. सोन्याची व टेल्युरियमची विशेष मैत्री असल्यामुळें असे कण बहुधा सोन्याच्या खाणींतच आढळतात.

नॉद्यबोर्झोन्यच्या खाणींत सांपडणारा हा दगड फिक्या पोलादी रंगाचा, चकाकणारा व पत्र्याप्रमाणें पापुद्रे सुटणारा असे. नखानें ओरखडा उठावा इतका तो मऊ, आणि पाण्याच्या आठपटींहून अधिक जड. मऊ, करडा, पापुद्र्यांचा; मग तो मॉलिब्डेनाइटच असला पाहिजे, असें लोकांस वाटलें. त्यांत चांदीही निघाली, म्हणून त्यास 'चांदीयुक्त मॉलिब्डेनाइट' म्हणूं लागले. पेन्सिलीच्या बाबतींत जी फसगत झाली, तीच येथें पुन्हां झाली.

किटाइबेल आणि त्याचा संशय

पेश्टच्या विद्यापीठांत पाल किटाइबेल नांवाचा विद्वान् होता. तो मुख्यतः वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून प्रसिद्ध आहे. 'किटाइबेला' ही फुलझाडांची एक जाति त्याच्या सन्मानार्थच ओळखली जाते. परंतु तो रसायनशास्त्रांतही निपुण होता. सन १७८९ मध्यें त्यानें हा चांदीयुक्त मॉलिब्डेनाइट तपासला. त्यास त्यांत मॉलिब्डेनम आढळलें नाहीं. आढळलें एक अपरिचित मूलद्रव्य. मुल्लरच्या कार्याशीं संबंध नसतां, निराळ्या गांवच्या निराळ्या दगडांतून, त्यानें स्वतंत्रपणें टेल्युरियमच शोधून काढलें होतें.

त्यानें आपला निबंध लिहून व्हिएन्नास पाठविला, पण तो छापला गेला नाहीं. सन १७९६ मध्यें क्लाप्रोथ व्हिएन्नास आला असतां तो हस्तलिखित निबंध त्याच्याही दृष्टीस पडला. दोन वर्षांनीं क्लाप्रोथनें बर्लिनमध्यें टेल्युरियमची घोषणा केली. किटाइबेलच्या मनांत काय आलें असेल, तें तुम्हांस सहज समजेल. आपण रात्रंदिवस खपून गणित सोडवावें, वही दुसऱ्यास दाखवावी, आणि वर्गांत फळ्यावर तेंच उत्तर त्यानें लिहावें! किटाइबेलनें क्लाप्रोथकडे तक्रार केली.

क्लाप्रोथनें त्यास उत्तर दिलें व आपण त्याचें काम चोरलें नाहीं अशी त्याची खात्री पटविली. त्याच्या बाजूनें सर्वांत मोठा पुरावा हाच होता कीं, त्यानें शोधाचा मान स्वतःकडे घेतलाच नव्हता. तो मुल्लरला दिला होता. ज्याला चोरी करावयाची तो चोरलेला माल तिसऱ्याच्या घरीं नेऊन ठेवीत नाहीं. किटाइबेलनें हें मान्य केलें. मुल्लरचें काम आपल्या आधींचें आहे हें ओळखून पहिलेपणाचा मान त्यानेंही मुल्लरलाच दिला. क्लाप्रोथ व किटाइबेल हे दोघेही सन १८१७ मध्यें निवर्तले.

योगायोग असा कीं, त्याच वर्षीं स्वीडनच्या बर्झेलियसला गंधकाम्लाच्या कारखान्यांतील गाळांत मुळ्याच्या वासाचा एक पदार्थ मिळाला. वासावरून त्यास प्रथम तें टेल्युरियमच वाटलें. नीट तपासतां तें नवें मूलद्रव्य ठरलें. टेल्युरियमला पृथ्वीचें नांव मिळालें होतें, म्हणून बर्झेलियसनें ह्या भावंडास ग्रीक भाषेंतील चंद्राचें नांव दिलें : सेलेनियम.

नांवांचा घोळ

मूलद्रव्याचा वाद मिटला. दगडाच्या नांवाचा घोळ अजून मिटावयाचा होता. मॉलिब्डेनाइट हें नांव खोटें ठरल्यावर त्यास काय म्हणावें? आलोइस वेर्ले नांवाच्या खनिजतज्ज्ञानें त्याचें पृथक्करण केलें होतें; म्हणून सन १८४१ मध्यें त्याच्या गौरवार्थ ह्या दगडास 'वेर्लाइट' हें नांव देण्यांत आलें. सन १८५३ मध्यें केन्गॉट ह्या खनिजशास्त्रज्ञानें गांवाच्या नांवावरून 'पिल्सेनाइट' असें नांव सुचविलें. दोन्हीं नांवें चालू राहिलीं, आणि गोंधळ वाढला. कोणी पृथक्करण केलें तर चांदी निघे, कोणी केलें तर निघत नसे. एकाच खाणींतल्या एकाच नांवाच्या दगडाचीं उत्तरें निरनिराळीं येत.

ह्या प्रश्नाचा निकाल सन १९८२ मध्यें लागला. ओझावा व शिमाझाकी ह्या जपानी संशोधकांनीं दाखविलें कीं, वेर्लाइट हें एक खनिज नव्हेच. तें दोन खनिजांचें मिश्रण आहे. त्यांतील एक बिस्मथ व टेल्युरियम ह्यांचें शुद्ध संयुग, आणि दुसरें हेसाइट, म्हणजे चांदी व टेल्युरियम ह्यांचें संयुग. हे दोन्हीं करडे पदार्थ इतके बारीक मिसळलेले असत कीं, डोळ्यांना तो एकच दगड दिसे. पहिल्यास पिल्सेनाइट हें नांव कायम करण्यांत आलें; वेर्लाइट हें नांव खनिजांच्या यादींतून वगळलें गेलें. वेर्लेचा मान मात्र अजिबात गेला असें नाहीं, कारण एका जातीच्या खडकास आजही वेर्लाइट म्हणतात.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. ज्या जुन्या लोकांनीं ह्या दगडास चांदीयुक्त म्हटलें, ते मॉलिब्डेनमच्या बाबतींत चुकले होते, पण चांदीच्या बाबतींत खोटें बोलत नव्हते. चांदी खरोखरच होती. ती शेजारच्या हेसाइटची होती. चुकीच्या उत्तरांतही पुष्कळदां एखादी खरी गोष्ट दडलेली असते. ती शोधून बाजूस काढणें हें परीक्षकाचें काम आहे.

थरांची रचना आणि एक गणित

बिस्मथ व टेल्युरियम ह्यांचीं संयुगें एक नसून अनेक आहेत, आणि त्यांची घडण मोठी मौजेची आहे. एका थरांत टेल्युरियमचे परमाणु, त्यावर बिस्मथचे, पुन्हां टेल्युरियमचे, पुन्हां बिस्मथचे, व सर्वांत वर टेल्युरियमचे, अशी पांच थरांची एक गड्डी समजा. तिला आपण 'पंचथर' म्हणूं. तींत दोन भाग बिस्मथ व तीन भाग टेल्युरियम असतें. केवळ बिस्मथच्या दोन थरांची दुसरी एक लहान गड्डी असते. तिला 'जोडथर' म्हणूं. ह्या दोन प्रकारच्या गड्ड्या निरनिराळ्या प्रमाणांत एकावर एक रचल्या कीं निरनिराळीं खनिजें होतात :

१. टेल्युरोबिस्मथाइट : केवळ पंचथर.

२. त्सुमोआइट : दोन पंचथरांस एक जोडथर. जपानच्या शिमाने प्रांतांतील त्सुमो खाणीवरून ह्यास सन १९७८ मध्यें नांव मिळालें.

३. पिल्सेनाइट : एका पंचथरास एक जोडथर.

४. हेडलेआइट : दोन पंचथरांस पांच जोडथर. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतांतील हेडले गांवाच्या नांवानें ह्याचें वर्णन सन १९४५ मध्यें प्रसिद्ध झालें.

ह्यांचें आणखी एक भावंड टेट्राडिमाइट. त्याच्या पंचथराच्या मधल्या थरांत टेल्युरियमऐवजीं गंधक असतो. स्लोव्हाकियांतील झुप्कोव्ह गांवच्या नमुन्यावरून हायडिंगरनें त्यास सन १८३१ मध्यें नांव दिलें. त्याचे स्फटिक चार-चार मिळून जुळ्यांसारखे वाढतात, म्हणून 'चौपट' ह्या अर्थाचा ग्रीक शब्द निवडला. गड्ड्यांना एकमेकींशीं बांधणारी ओढ दुर्बळ असते. म्हणूनच हीं सर्व खनिजें मऊ असून त्यांचे पापुद्रे सहज सुटतात.

आतां पिल्सेनाइटचें गणित करून पहा. एका पंचथरांत बिस्मथचे दोन परमाणु, जोडथरांत आणखी दोन; एकूण चार. टेल्युरियमचे तीन. बिस्मथचा परमाणुभार सुमारें २०९ व टेल्युरियमचा १२७.६ धरा. चार वेळां २०९ म्हणजे ८३६. तीन वेळां १२७.६ म्हणजे ३८२.८, बेरीज १२१८.८. म्हणून शंभर भाग पिल्सेनाइटमध्यें बिस्मथ सुमारें ६८.६ भाग व टेल्युरियम सुमारें ३१.४ भाग. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं ह्याच रीतीनें त्सुमोआइटचें व हेडलेआइटचें प्रमाण काढावें. बिस्मथचें उत्तर अनुक्रमें सुमारें ६२.१ व ७९.३ येईल. न आल्यास रीत पुन्हां तपासावी. उत्तर पाहून आंकडे वांकवूं नयेत.

ह्याचा उपयोग काय?

पालक हा प्रश्न अवश्य विचारतील, आणि तो योग्यच आहे. पिल्सेनाइटचे कण इतके थोडे सांपडतात कीं, त्यासाठीं कोणी खाण खणीत नाहीं. पण त्याच्या कुळांतील पहिलें संयुग, दोन भाग बिस्मथ व तीन भाग टेल्युरियम असलेलें, कारखान्यांत तयार करतां येतें, व त्यानें मोठें काम केलें आहे.

सन १८२१ मध्यें झेबेकनें बिस्मथ व तांबें ह्यांचीं टोंकें जोडून एक सांधा तापविला, तेव्हां जवळची चुंबकसूची हलली. उष्णतेपासून विद्युत्प्रवाह उत्पन्न झाला होता. सन १८३४ मध्यें पेल्तिएनें उलट घडतें असें दाखविलें : दोन धातूंच्या सांध्यांतून प्रवाह सोडला कीं तो सांधा एका दिशेच्या प्रवाहानें थंड होतो व दुसऱ्या दिशेच्या प्रवाहानें तापतो. साध्या धातूंनीं हा परिणाम फार अल्प मिळे. सन १९५४ मध्यें इंग्लंडांतील गोल्डस्मिड व डग्लस ह्यांनीं बिस्मथ-टेल्युरियमचें संयुग वापरून सुमारें २६ अंशांचें शीतन साधलें. आज सूक्ष्म उपकरणें थंड व स्थिर ठेवण्यासाठीं, तसेंच लहान शीतपेट्यांत, ह्याच संयुगाच्या तबकड्या वापरतात. त्यांत फिरणारें चक्र नाहीं, वायु नाहीं, आवाज नाहीं. सन २००९ मध्यें भौतिकशास्त्रज्ञांना ह्याच संयुगांत आणखी एक नवल दिसलें : त्याचा पृष्ठभाग विजेस सहज वाट देतो, परंतु अंतर्भागाचा स्वभाव तिला अडविण्याचा आहे. अशा पदार्थांचा अभ्यास सध्यां जगभर चालू आहे.

किटाइबेलनें जेव्हां तो करडा दगड हातांत घेतला, तेव्हां ह्यांतील कांहींच त्यास ठाऊक नव्हतें. त्याच्यापुढें एवढाच प्रश्न होता : ह्या दगडास लोक जें म्हणतात, तें हा खरोखर आहे का?

उपसंहार

मुलांनो, दगडास आपलें नांव ठाऊक नसतें. आपण त्यास मॉलिब्डेनाइट म्हटलें काय आणि वेर्लाइट म्हटलें काय, तो तक्रार करीत नाहीं. म्हणूनच नांव ठेवणाऱ्यावर जबाबदारी अधिक. मुल्लरनें स्वतःचें छापलेलें मत स्वतःच खोडलें. क्लाप्रोथनें दुसऱ्याचा मान दुसऱ्यास दिला. किटाइबेलनें मनांतील संशय उघड विचारला, आणि उत्तर पटल्यावर तो टाकूनही दिला. ह्या तिघांपैकीं एकानेंही अहंकार धरला असता, तरी टेल्युरियम भूमींतच राहिलें असतें असें नव्हे. आज ना उद्यां तें कोणासही सांपडलें असतें. पण त्याची हकीकत तुम्हांस सांगतांना मला संकोच वाटला असता.

पालकांना एक नम्र विनंति आहे. मूल घरीं येऊन "काल मीं सांगितलें तें चुकलें होतें" असें म्हणेल, त्या दिवशीं त्यास रागें भरूं नका. तें वाक्य म्हणावयास किती बळ लागतें, हें मीं वर्गांत एकदां अनुभविलें आहे. आणि विद्यार्थ्यांनीं आपल्या शिसपेन्सिलीस खुशाल शिसपेन्सिलच म्हणावें. फक्त कोणीं विचारलें, तर तिच्यांत शिसें नाहीं हें सांगतां आलें पाहिजे.